फोकस बरोबर आहे

लॅपटॉपने आठव्यांदा तेच सांगितलं: फोकस बरोबर आहे. ताईने आठव्यांदा त्याला मूर्खात काढलं. तारा तिला पडद्यावर समोर दिसत होता, आणि तो पिंजलेल्या कापसासारखा दिसत होता. याला बरोबर म्हणायचं, तर चुकलेला फोकस कसा असतो म्हणे?

दिवेलागणीपासून ती गच्चीवर होती. नवा मिररलेस कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, दोन मिनिटं कोणी हात लावला नाही की झोपी जायची त्याची खोड मोडली, आणि केबलने त्याला लॅपटॉपला जोडून टाकलं. आता सगळा कारभार लॅपटॉपचा. फोटो कधी काढायचा, किती सेकंद काढायचा, फोकस कुठे धरायचा, सगळं तोच ठरवणार. पुस्तिकेतलं अक्षरन् अक्षर तिने मोबाइलवर मोठं करून वाचलं होतं आणि तसंच केलं होतं. ती मुळातच चिकाटीची. लॅबमधली मंडळी तिला घार म्हणायची. मायक्रोस्कोपखालच्या काचेवर हजार चांगल्या पेशींच्या गर्दीत एक वाईट पेशी दडून बसली, तरी घार ती नेमकी उचलणार, असा तिचा तीस वर्षांचा लौकिक होता.

धाकटी बहीण शेजारी खुर्ची ओढून बसली होती. न कळवताच आली होती, आणि आल्यापासून गप्प होती. नवऱ्याशी भांडून आलीस का, असं ताईने विचारूनही पाहिलं. नाही, एवढंच उत्तर आलं. ताईनेही मग खोदून विचारलं नाही, कारण सध्या तिला कशाचंच वाईट वाटेनासं झालं होतं. दीड महिन्यापूर्वी धाकटीच्या छातीत गाठ हाताला लागली होती. दोघी बहिणींचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. तपासणीची काच ताईने दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊच दिली नाही. स्वतः, डोळ्यांत तेल घालून पाहिली, आणि फोनवर रडत-हसत सांगितलं की काही नाही गं, साधी गाठ आहे. हा कॅमेराही त्याच आनंदात घेतलेला. पहिला फोटो धाकटीच्या घरी लागणार, हे तिने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

आणि आता हा तमाशा. लेन्सच खराब निघाली, उद्या दुकानदाराच्या डोक्यावर नेऊन आपटते, असं ती म्हणाली. हल्ली कुठलीच वस्तू धड मिळत नाही, हेही तिने ऐकवलं. मायक्रोस्कोपचा बल्ब दोनदा बदलला तरी उजेड मंद तो मंदच. दुरुस्तीवाला शपथेवर सांगत होता, बाई, बल्ब उत्तम आहे. त्याची तिने चांगलीच हजेरी घेतली होती.

तेवढ्यात लॅपटॉपवर नवी ओळ उमटली. या फोटोत सेहेचाळीस तारे सापडले.

ताईला हसूच आलं. नऊ तारे दिसतायत आणि हा सेहेचाळीस म्हणतो. धूळ मोजत असेल बापडा. तिने धाकटीला मोजून बघायला सांगितलं.

धाकटी पुढे वाकली. बोट लावून पुटपुटत मोजू लागली. नवावर ती थांबली नाही. वीस झाले, तीस झाले, तरी बोट पुढेच सरकत होतं. ताईला वाटलं, ही आपली थट्टा करतेय.

"चेष्टा पुरे," ती म्हणाली. "हा मोठा तारा कसा दिसतोय, तेवढं सांग."

"ठिपका आहे. सुईने टोचल्यासारखा."

"आणि त्याच्या डावीकडे?"

"पाच बारीक तारे आहेत. एकमेकांना खेटून."

ताईने पडद्याला नाक लावलं. डावीकडे नुसता काळोख होता. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मग एक डोळा हाताने झाकला. मोठा ताराच मधून नाहीसा झाला. दुसरा डोळा झाकून पाहिला, तर तिथेही मधोमध तसाच डाग होता, जरा फिकट.

डॉक्टर होती ती. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि तिला आपल्या डोळ्यांची आठवण शेवटी झाली, आधी काचा आठवल्या. उजेड मंद वाटायला लागून तीन महिने झाले होते. रोजच्या तीस-चाळीस काचा. प्रत्येकीखाली तिची सही. त्या सगळ्या माणसांना तिने निश्चिंत करून घरी पाठवलं होतं.

मग ती मागे मागे मोजत दीड महिन्यापर्यंत आली, आणि तिने मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

"तुझी काच," ती म्हणाली. "ती पुन्हा बघायला हवी. मी नाही. दुसऱ्या कोणीतरी. उद्याच्या उद्या."

"दाखवली," धाकटी म्हणाली. "गाठ वाढली म्हणून दुसरीकडे दाखवली. काल रिपोर्ट आला."

रिपोर्टमध्ये काय आहे, ते ताईने विचारलं नाही. तिला ते समोर दिसत होतं. ही आता ओरडेल, हात उगारेल, उठून चालती होईल, आणि तो तिचा हक्कच आहे, असं मनाशी म्हणत ती खाली मान घालून बसून राहिली. पण धाकटीने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून वर केला. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि जिवावरचं ओझं उतरल्यासारखी ती हुंदके देत होती.

"मी आज भांडायला आले होते, ताई," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला दिसलं होतं आणि तू मला सांगितलं नाहीस."