नवऱ्याचं नाव

पहिल्या इलेक्शनची यादी करायला कारकून हैदराबादेत काचीगुड्याच्या गल्लीत आला. नवऱ्याचं नाव बाईनं स्वतः सांगायचं, नाहीतर तिचं मत गेलं, असा हुकूम. भामाबाईंनी ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तीस वर्षांत कधी नाही.

त्यांचे यजमान मुकुंदराव वकील शेजारीच उभे. "अगं, अमेरिकेच्या घटनेत बोलायचं स्वातंत्र्य आहे. तिथं लोक प्रेसिडेंटाला भर चौकात नावं ठेवतात. तुला घरच्या माणसाचं नाव घेता येईना?"

"घेणं नक्को," भामाबाई म्हणाल्या. "नावं ठेवायचीच असतील तर ठेवते."

"तसं सांगा बाई," कारकून म्हणाला. "मी ओळखून लिहितो."

भामाबाईंनी पदर खोचला. घोरतात. वाद कोर्टात कमी, घरात जास्त. भाजीला पाठवावं तर कोठीच्या बाजारातून पुस्तकं घेऊन येतात. कारकुनानं वकीलसाहेबांकडे एकवार बघून नाव लिहिलं.

ऐकायला गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. शेजारच्या मालनबाई पुढं सरकल्या. "आमचे पण असेच हो. तेच लिहा."



यादी छापून आली, तेव्हा गल्लीतल्या अकरा बायकांचा नवरा एकच निघाला, मुकुंदराव वकील.