हाइतांगचा वास

"खुशाल लावा झाड, पण फुलांना वास असेल तरच मी अंगणात येईन," दृष्टी गेल्यापासून खोली न सोडणारी शुयून नवऱ्याला म्हणाली होती. फांगने बेइजिंगच्या गल्लीतल्या अंगणात हाइतांग लावलं. हे शोभेचं रानसफरचंद. फुलं देखणी, पण बिनवासाची. रोपवाल्याने मात्र शपथेवर सुवासिक जात दिली होती. "हाइतांगला वास? मग बेडकाला मिश्याही फुटतील!" शेजारचा काओ दरवर्षी चिडवायचा. आज झाड पहिल्यांदाच फुललं. फांगने गुलाबी घोसात नाक खुपसलं. काहीच नाही! पण जन्मभर तपकीर ओढून त्याचं नाकच मेलेलं. नाइलाजाने त्याने काओला बोलावलं. काओने हुंगलं, डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. "अरे लबाडा, हा तर मधाचा वास!" तो ओरडला. फांग धावतच आत गेला. शुयून आधीच खाटेवरून पाय सोडून चाचपत कापडी बूट चढवत होती.