मुलांच्या कोर्टात युनिफॉर्म

अकरा वर्षांची असताना सुर्ला गावच्या गौरवीने खनिजाच्या ट्रकवर धोंडा घातला होता, कारण अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवर त्याची लाल धूळ बसली होती. काच फुटली, केस झाली, आणि मग नुसत्या तारखांवर तारखा. तोवर गौरवी शिकली, वाढली, चक्क पोलिसात भरती झाली. केसमधली गौरवी मात्र अकराचीच राहिली!

आज ती केस कायमची मिटणार होती. "सोडा तिला" असं सांगायला ट्रकवाला स्वतः येऊन आत बसला होता. मुळगावच्या जत्रेचा बंदोबस्त संपवून गौरवी तशीच धावत मुलांच्या कोर्टात पोचली, तर दारावरच्या शंभूमामा शिपायांनी हात आडवा केला.

"युनिफॉर्म घालून आत जायचं नाय. पोलिसांनी हांगा साध्या कपड्यांत यायचं, नियम आहे."

"कित्याक?"

"मूल भितं गो बघून!"

"मामा, न्यायाधीश साहेब एक वाजता उठून जातात. आज चुकलं तर परत तारीख पडेल! आणि आत मूल आहे तरी कुठे?"

शंभूमामांनी आजच्या केसेसचा कागद डोळ्यांजवळ नेला, आरोपी मुलाचं नाव वाचलं आणि तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघून एकदम विरघळले.



"अगो, तूच ती! भिऊ नको हां, बाय. मी आहे ना हांगा, एकाही पोलिसाला आत सोडत नाय."