ताप ओढणारा दगड

बाबांच्या उशाशी दहा गोळ्यांचं एक पाकीट होतं. त्यातल्या नऊ गोळ्या तशाच होत्या आणि पाकिटावर लिंबाएवढा जांभळा स्फटिक ठेवला होता. बाबांचा ताप एकोणचाळीस पूर्णांक चार. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्या, गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मीच. गोळ्या चालू असल्या की स्फटिक ताप ओढत नाही म्हणे."

"स्फटिक म्हणजे नुसती गोठलेली वाळू, आत्या! वाळूने ताप उतरत असता तर समुद्रकाठी एकही दवाखाना चालला नसता!"

"शिकलीस म्हणून आता दगडालाही शिकव!"

लेकीने बाबांना गोळी दिली आणि स्फटिक नेऊन फ्रिजमध्ये दुधाशेजारी आदळला. "ओढ आता काय ओढायचंय ते!"

तासाभराने तिने दूध काढायला फ्रिज उघडला. दारावरचा आकडा चार अंश दाखवत होता, पण दुधाचं पातेलं एका बाजूने कोमट लागलं. तिने पिशवीतला प्रयोगशाळेचा थर्मामीटर स्फटिकाला टेकवला. एकोणचाळीस पूर्णांक चार.

"काहीतरी कारण असणारच," ती रागाने पुटपुटली.

आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. बाबा उठून बसले होते. "कसं हलकं वाटतंय! ताईला उगीच बोललीस हो."

तिने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग थर्मामीटर पुसून त्यांच्या काखेत धरला.

बाबा बोलतच होते. आकडा उतरत उतरत स्थिरावला.

चार अंश.