देवाला सोडलेली शेळी

शेळीनं मल्हारची नोकरी खाल्ली. पण ते जाऊ द्या. तसलं काही झालंच नाही, असं धरून आपण सकाळपासून बघू.

सकाळी ताडकळसमध्ये मल्हार लॅपटॉपपुढं हाताची घडी घालून बसला होता. पुण्याच्या कंपनीतल्या अबोली मॅडम त्याची वेबसाइट बघून फोन करणार होत्या. वेबसाइटवर त्याचं नाव, शिक्षण, केलेली कामं, सगळं होतं. लोकांनी जरा रेंगाळावं म्हणून कोपऱ्यात त्यानं एक शेळीही ठेवली होती. बघणाऱ्यानं बोट लावून पाला टाकायचा, शेळी शेपूट हलवत खायची. पाला मिळाला नाही तर ती पानावरची अक्षरं कुरतडायची. ही गंमतही त्याचीच.

बघायला कुणी आलंच नाही. शेळीनं पत्ता खाल्ला, बारावी खाल्ली, आणि आता ती पदवीच्या बांधावर उभी होती.

"आये, कोडची एकच ओळ लिहितो. खुंट्याला बांधतो तिला."

"खबरदार!" कासाबाई म्हणाली. "देवाची हाय ती."

पोराला नोकरी लागू दे म्हणून रविवारी तिनंच शेळीच्या कपाळाला, म्हणजे स्क्रीनला, भंडारा लावून ती देवाच्या नावानं सोडली होती. सोडलेल्या जनावराला बांधत नाहीत, हाकलत नाहीत, त्याच्या तोंडचा घास काढत नाहीत.

"मग दारातली एखादी सोडायची ना!"

"दारातल्या दूध देत्यात. ही काय देती?"

मल्हारनं स्वतः पाला टाकून पाहिला. शेळीनं हुंगून सोडला. तिला अक्षरांची चटक लागली होती. त्यानं बारावी पुन्हा टाइप केली, तर पदवी सोडून ती आधी तिकडं वळली. नवीन लिहिलेलं कोवळं असतं.

फोन वाजेपर्यंत पदवी गेली होती, कामंही गेली होती.

"मल्हार, इथं तुमचं नाव आहे आणि खाली एक शेळी आहे."

"हो मॅडम. बाकी सगळं तिच्यात हाय."

"म्हणजे?"

"तब्येत बघा म्हणावं तिची," कासाबाई मागून म्हणाली. "लय भरायलीय."

मॅडम म्हणाल्या, "असं करा, जे काय असेल ते लेखी कळवा."

"बघ," कासाबाई म्हणाली, "लेखी मागायलेत. देवानं ऐकलं."

मल्हार मेल लिहायला बसला. मेलमध्ये शेळी पोचत नाही.

'महोदया, सदर शेळी देवाला सोडलेली असल्याने तिला बांधता अथवा हाकलता येत नाही. तरी अर्जदाराची शैक्षणिक पात्रता शेळीच्या पोटात सुरक्षित असल्याचे ग्राह्य धरून, उभयतांना एकाच पदावर रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.'