पहिल्या शब्दापासून

"चाबकाचं वाक्य तेवढं गाळ," समारंभाचा प्रमुख प्रुइट जोसायाच्या कानाशी लागला. "दक्षिणेकडून लढलेले पाहुणे पुढे बसलेत. जुन्या खपल्या कशाला काढायच्या?"

"मला मधलं गाळता येत नाही, साहेब. एकदा सुरू झालो की शेवटपर्यंत."

"मग त्याच्याआधी थांब. नाहीतर पुढच्या वर्षी तुमची माणसं फाटकाबाहेर."

दफनभूमीच्या फाटकाच्या आत गुलामीतून सुटून लढलेल्या त्यांच्या काळ्या सैनिकांचीही थडगी होती. आज यादवी युद्धातल्या मृतांचा स्मृतिदिन, सगळ्या थडग्यांवर फुलं होती. दरवर्षी या दिवशी जोसायाची बायको डॉर्कस इथं उभी राहून राष्ट्राध्यक्ष लिंकनचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण तोंडपाठ म्हणायची. यंदा फेब्रुवारीत ती वारली, म्हणून आज तिच्या जागी तो होता. जोसायाला वाचता येत नव्हतं. ती पीठ मळता मळता भाषण घोकायची आणि तो चुलीपाशी बसून ऐकायचा. तसंच ते त्याच्यात उतरलं होतं, सलग.

हॅट काढून तो चौथऱ्यावर चढला.

चाबकानं सांडलेल्या गुलामांच्या रक्ताची थेंबाथेंबानं तलवारीनं फेड होईल, ते वाक्य जवळ आलं. तिथं डॉर्कसचा डावा हात आपसूक उजव्या खांद्यामागे जायचा. तिथले वळ तिनं कधी कुणाला दाखवले नव्हते.

प्रुइटनं बोट वर केलं. बँड दणक्यात सुरू झाला.

जोसाया थांबला. बँड संपला. प्रुइट त्याला खाली उतरवायला पुढे आला, तेवढ्यात जोसायानं पुन्हा सुरुवात केली. पहिल्या शब्दापासून.

"बसा गं खाली," मागच्या रांगेत डॉर्कसची मैत्रीण टेम्पी म्हणाली. "ह्याला मधून धरता येत नाही. घरातसुद्धा असाच होता मेला."

बाया हसल्या आणि गवतावर बसल्या.

त्याच जागी पुन्हा बँड. बँड थांबला, पुन्हा पहिला शब्द.

"साहेब, ओठ सोलले," कर्णेवाला कुरकुरला.

"वाजव."

या वेळी बँड वाजू लागला तरी जोसाया थांबला नाही. त्याचे ओठ हलत राहिले. शब्द एकही ऐकू येत नव्हता. वाक्य आलं तसा त्यानं डावा हात उचलला आणि उजव्या खांद्यामागे नेला.

मागे गवतावर टेम्पीचाही हात खांद्यामागे गेला. मग शेजारणीचा. मग सगळ्या रांगेचे.

पुढचे पाहुणे मान वळवून बघू लागले.