सहा नंबरमागची भिंत

गवंड्यानं हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर टकटक केलं आणि त्याचा चेहरा उतरला. बद्द आवाज. हातभर वर ठोकलं, तिथंही बद्द. उजवीकडे, खाली, अगदी खाटेच्या उशापर्यंत तोच आवाज.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप फुटला होता आणि छातीच्या आजाराच्या या वॉर्डात भिंतीवरून पाणी ओघळलं होतं. पेशंट जागा मिळेल तिथं हलवले. काही तर बाहेर पॅसेजमध्येच, स्ट्रेचरवर. पाइप बदलून झाला होता. आज पुट्टी मारायची, रंग द्यायचा आणि वॉर्ड उघडायचा, एवढंच उरलं होतं.

"पुट्टी मार म्हटलं होतं, भिंतीशी गप्पा काय मारतोस?" इमारतीचे इंजिनिअर कानाला फोन लावूनच आत आले.

"साहेब, गिलावा सुटलाय. आत ओल आहे. बुरशी धरली असणार."

"कोरडी तर दिसतेय."

"वरून कीर्तन, आतून तमाशा आहे साहेब."

"मग तमाशा आतच राहू दे. दोन वाजता पेशंट आत घ्यायचेत." आणि फोनवरच्या कुणावर तरी ओरडत ते निघूनही गेले.

गवंड्यानं थापी उचलली. ठेवली. परत उचलली. मग पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आला. तहान नव्हती.

दारापासून तिसऱ्या स्ट्रेचरवर त्याची थोरली बहीण होती. नाकात ऑक्सिजनची नळी. येणारा-जाणारा तिच्या पायांना धक्का देऊन पुढं जात होता. उशाशी दाजी उभे होते. चार दिवस उभेच होते, बसायला जागाच नव्हती.

"हिला सहा नंबरची खाट दिलीय," दाजी म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जरा कळा आली होती. "सिस्टरनी लिहूनसुद्धा घेतलं."

सहा नंबर. म्हणजे तीच भिंत.

ताईनं त्याची बाही ओढली. एकेका शब्दाला दम खात विचारलं, "खिडकी... आहे का रे... तिथं?"

"आहे."

तिनं समाधानानं डोळे मिटले. गवंड्यानं दाजींना हाताला धरून बाजूला घेतलं.

"दाजी, ती भिंत फोडावी लागेल. वाळायला धरून अजून चार दिवस."

"डोकं फिरलंय का तुझं? रंग दे आणि मोकळा हो."

"रंग आठ दिवसांत फुगेल. आणि आतली बुरशी रोज तिच्या छातीत जाईल."

"मग इथं काय अत्तर जातंय तिच्या छातीत?" दाजींचा आवाज चढला. दोघंतिघं वळून बघायला लागले. "लोक आपल्या माणसासाठी साहेबांच्या पाया पडतात. आणि तू? सख्खा भाऊ ना तिचा?"

दाजी खोटं बोलत नव्हते. तो आत आला. घमेल्यातली पुट्टी सारखी केली, थापीवर घेतली आणि भिंतीवर एक हात ओढला. काय सुरेख बसली! मुंगीचा पाय घसरावा अशी. असे आणखी पन्नास हात मारले, की दोन वाजता ताई खिडकीशी.

तो मागं सरकून बघत राहिला. मग त्याची नजर उशीवर गेली. उशी आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर अंतर होतं.

त्यानं थापी टाकली आणि छिन्नी घेतली.

दुसऱ्याच घावाला दाराएवढा गिलावा एकदम खाली आला. मागं कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत भिंत काळीभोर झाली होती, ओल्या केसाळ कातड्यासारखी. कुजक्या गोणपाटाचा वास खोलीभर झाला.

आवाज ऐकून वॉर्डच्या मोठ्या सिस्टर धावत आल्या. ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. पदर नाकाला लावून त्या जवळ गेल्या, बोटानं एक रेघ ओढली, काळं झालेलं बोट बघितलं.

"आणखी कुठं?"

"सहापासून अकरापर्यंत. छताकडचं अजून बघितलं नाही."

"आणि यावर तू रंग देणार होतास?"

"एक हात पुट्टी मारली होती," तो म्हणाला.

सिस्टर ते काळं बोट तसंच वर धरून पॅसेजकडे वळल्या. "साहेबांशी मी बोलते. तू दार लावून घे."

त्यानं दार लावलं, तोंडाला फडकं बांधलं आणि भिंतीवर तुटून पडला. आता थांबायची भीती वाटत होती. थांबलं की दाजी आठवत होते, ताईचे मिटलेले डोळे आठवत होते. नऊ नंबरपर्यंत तो पोचला असेल, तेवढ्यात बाहेरून खोकला ऐकू आला. बाहेर खोकणारे पुष्कळ होते. पण हा खोकला तो लहानपणापासून ओळखत होता.

हातोडी वरच्या वर राहिली. दाराखाली बोटभर फट होती आणि धूळ तिच्यातून सरळ बाहेर चालली होती.

स्ट्रेचरची चाकं करकरली. खोकला दूर गेला, आणखी दूर गेला. मग झपझप पावलं परत आली आणि दाराशी थांबली. आता दार उघडून दाजी आत येणार, कॉलर धरणार. धरू दे. तो हात खाली सोडून उभा राहिला.

दार उघडलं नाही. फटीतून ओल्याचिंब चादरीची कड आत आली. मागोमाग चार बोटं दिसली. ती चादर घाईघाईनं कोंबत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"फोड तू," दाराच्या खालून दाजींचा आवाज आला. "मी धरलंय."